घरी ईव्ही चार्जर बसवायचाय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ईव्ही म्हणजे इलेक्ट्रिक गाडी बुक झाली की लगेच डोक्यात येतं, घरी चार्जिंगचं काय करायचं. बहुतेक लोक कुठल्या कंपनीचा चार्जर घ्यावा यावरच सगळा वेळ घालवतात, पण खरं काम त्या डब्याच्या मागे असतं: वायर, जॉइंट, अर्थिंग, ब्रेकर. तो भाग पक्का असेल तर साधा चार्जरही वर्षानुवर्षं चालतो, आणि तो कच्चा राहिला तर महागड्या चार्जरचाही काही उपयोग नाही. म्हणून खालची उत्तरं त्याच अंगाने लिहिलीयत. आकडे २३० व्होल्टच्या घरगुती सप्लायचे आहेत, जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलंय.

प्रश्न: वेगळा चार्जर लावायलाच पाहिजे का? गाडीबरोबर आलेली केबल साध्या सॉकेटमध्ये लावली तर चालत नाही का?

चालते, आणि बऱ्याच लोकांना तेवढंच पुरतं. १० अँपिअरने चार्ज केलं तर २.३ किलोवॅट मिळतात, रात्रभर म्हणजे दहा तास लावून ठेवली तर लॉस वजा जाता साधारण २० युनिट बॅटरीत जातात, आणि मध्यम आकाराची गाडी १०० किलोमीटरला १५ युनिटच्या आसपास खाते, म्हणजे सव्वाशे किलोमीटर तरी झाले. रोजचं जाणं-येणं ४०-५० किलोमीटर असेल तर गाडी मध्यरात्रीनंतर नुसतीच उभी असते.

अडचण वेगाची नाही, सॉकेटची आहे. घरातला सॉकेट इस्त्री, मिक्सर, गीझर असल्या गोष्टींसाठी असतो, त्या थोडा वेळ चालतात आणि बंद होतात. गाडी मात्र सलग आठ-दहा तास, रोज, एकाच दराने करंट ओढते. जुन्या सॉकेटमधल्या पत्र्यांची पकड सैल झालेली असते, तिथे उष्णता धरते, उष्णतेने पकड अजून सैल होते, मग अजून उष्णता. प्लगची एक पिन तपकिरी पडलेली, सॉकेटच्या भोकाभोवतीचं प्लॅस्टिक पिवळं होऊन जरा आत दबलेलं, आणि जवळ गेलं की जळकट वास, हे दिसलं की तो सॉकेट त्याच दिवशी काढून टाकायचा, "अजून चालतोय ना" म्हणत बसायचं नाही.

सॉकेटवरच चार्ज करायचं असेल तर त्यासाठी मेन बोर्डापासून वेगळी वायर ओढा, चांगल्या दर्जाचा, म्हणजे इंडस्ट्रियल टाइपचा सॉकेट लावा, आणि केबलवर किंवा गाडीच्या स्क्रीनवर करंट कमी करायची सोय असेल तर तो १० अँपिअरवर ठेवा.

प्रश्न: एक्स्टेंशन बोर्ड लावून चार्ज केलं तर?

नका करू. गुंडाळलेली वायर तर अजिबात नको, तिच्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि ती आतल्या आत वितळते.

प्रश्न: भिंतीवरचा डबाच चार्जर असतो ना?

नाही, आणि हे एकदा कळलं की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. एसी चार्जिंगमध्ये खरा चार्जर गाडीच्या आत असतो, ऑनबोर्ड चार्जर म्हणतात त्याला, तोच घरातल्या एसी (उलटसुलट वाहणाऱ्या) करंटचं डीसी (एकाच दिशेने वाहणारा करंट) करून बॅटरी भरतो. भिंतीवरचा डबा म्हणजे गाडीशी बोलणारा आणि सगळं ठीक आहे बघूनच करंट सोडणारा हुशार स्विच.

तो बोलतो कसा तर प्लगमध्ये कंट्रोल पायलट नावाची एक बारीक पिन असते. डबा तिच्यावर १२ व्होल्टचा सिग्नल ठेवतो, गाडी जोडली की तो ९ वर येतो, मग डबा सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा सिग्नल पाठवतो आणि त्यात चालू राहण्याचं प्रमाण किती, त्यावरून गाडीला कळतं की किती अँपिअर घ्यायची परवानगी आहे. साधारण २७ टक्के म्हणजे १६ अँपिअर, ५३ टक्के म्हणजे ३२. गाडी तयार झाली की व्होल्टेज ६ वर आणते आणि तेव्हाच डब्यातला कॉन्टॅक्टर, म्हणजे आतला मोठा स्विच, खट् करून बसतो, तो आवाज ऐकू येतो बघा. त्याआधी प्लगच्या जाड पिनांमध्ये करंट नसतोच.

प्रश्न: ३.७, ७.४, ११, २२ किलोवॅट, यातला कुठला घेऊ?

आधी गाडीचा ऑनबोर्ड चार्जर किती किलोवॅटचा आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. गाडी ७.२ घेणारी असेल तर २२ चा डबा लावूनही ७.२ च मिळणार. गणित सोपं आहे, सिंगल फेजवर १६ अँपिअरला ३.७ आणि ३२ अँपिअरला ७.४ किलोवॅट, थ्री फेजवर १६ अँपिअरला ११ आणि ३२ ला २२.

इथे एक फसगत नेहमी होते. काही जण ११ चा थ्री फेज डबा घेतात कारण ११ हे ७.४ पेक्षा मोठं, पण गाडी सिंगल फेजची असेल आणि डबा दर फेजला १६ अँपिअरच देणारा असेल तर गाडीला एकाच फेजचे १६ मिळतात, म्हणजे ३.७ किलोवॅट. जास्तीचा खर्च करून चार्जिंग अर्ध्या वेगाने. तेव्हा फक्त किलोवॅट बघू नका, दर फेजला किती अँपिअर ते विचारा.

माझं मत विचाराल तर घरी सिंगल फेज सप्लाय असेल तर ७.४ वाला डबा घ्या ज्यात करंट कमी-जास्त सेट करता येतो. आज १६ वर ठेवा, उद्या लोड वाढवून घेतला की ३२ करा. वायर मात्र पहिल्यापासूनच ३२ ची टाका, भिंत पुन्हा फोडायला लागणार नाही.

प्रश्न: ४० युनिटची बॅटरी पूर्ण भरायला किती वेळ लागेल?

७.४ वर सहा तास, ३.७ वर बारा, २.३ वर वीसच्या आसपास. यात साधारण दहा-पंधरा टक्के लॉस धरलेला आहे, आणि करंट जितका कमी तितका लॉसचा वाटा जास्त, कारण चार्जिंग चालू असताना गाडीचे पंप, कॉम्प्युटर जागेच असतात आणि त्यांना जेवढी लागायची तेवढी वीज लागतेच. पण रोज रिकामी ते फुल कोणीच करत नाही, त्यामुळे या आकड्यांना घाबरू नका.

प्रश्न: घरचा लोड पुरेल का, मीटर बदलावा लागेल का?

घरातल्या मोठ्या वस्तूंची यादी करा: एसी, गीझर, ओव्हन, पाण्याची मोटर, इंडक्शन. यातल्या एका वेळी कुठल्या चालतात ते बघा आणि त्यात चार्जरचे अँपिअर मिळवा. बेरीज मंजूर लोडच्या वर जात असेल तर वीज कंपनीकडे अर्ज करून लोड वाढवून घ्यावा लागतो, कधी सिंगलचं थ्री फेज करून घ्यावं लागतं. ईव्हीसाठी वेगळा मीटर आणि वेगळा दर अशी सोयही बऱ्याच ठिकाणी असते, ती आधी विचारून घ्या कारण मीटर कुठे बसणार त्यावर वायरिंगचा सगळा रस्ता ठरतो.

लोड वाढवणं शक्यच नसेल तर लोड बॅलन्सिंगवाला चार्जर बघा. मेन वायरीभोवती एक छोटा सीटी क्लॅम्प बसतो, तो घराचा एकूण करंट मोजत राहतो, गीझर लागला की गाडीचा करंट आपोआप कमी होतो आणि गीझर बंद झाला की परत वाढतो. मला तरी पैसे मोजून घेण्यासारखी हीच एक स्मार्ट सोय वाटते.

प्रश्न: वायर किती जाडीची लागते?

३२ अँपिअरसाठी तांब्याची ६ स्क्वेअर एमएम ही सुरुवात समजा, आणि अंतर जास्त असेल, पाइप उन्हात तापत असेल किंवा एकाच पाइपात चार-पाच वायरी असतील तर १०. दुकानात "४ ची पण चालते" असं ऐकायला मिळेल, अगदी जवळच्या अंतरावर आणि मोकळ्या हवेत ती कागदावर बसतेही, पण रोज रात्री तासन् तास पूर्ण करंट वाहणार असेल तर तिथे हात आखडू नका.

अंतराचा हिशोब असा: ६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत, जायची-यायची दोन्ही धरून, दर मीटरला दर अँपिअरमागे साधारण ७.३ मिलिव्होल्ट पडतात. ३० मीटर अंतर आणि ३२ अँपिअर म्हणजे ७ व्होल्ट गेले, तीन टक्के. १० ची टाकली तर ४.४ मिलिव्होल्टच्या हिशोबाने ४ व्होल्टच्या जरा वर. हे गेलेले व्होल्ट म्हणजे पाइपात उष्णता होऊन गेलेली वीज, आणि तिचं बिल तुम्हीच भरणार, दर रात्री. मध्ये जॉइंट नको, मेन बोर्ड ते चार्जर एकसंध वायर.

आणि टोकं. याच्याबद्दल कितीही सांगितलं तरी कमीच आहे. मल्टिस्ट्रँड वायर असेल तर टोकाला लग किंवा थिंबल, म्हणजे धातूची टोपी, लावून नीट क्रिम्प केलेली (दाबून घट्ट बसवलेली) पाहिजे, तारा नुसत्या पिळून स्क्रूखाली दाबलेल्या चालणार नाहीत. सैल स्क्रूमुळे समजा ०.१ ओहम रेझिस्टन्स तयार झाला, ऐकायला काहीच नाही, पण ३२ अँपिअरला तिथे १०२ वॅट उष्णता होते. जुन्या १०० वॅटच्या बल्बची सगळी उष्णता एका स्क्रूखाली, बंद डबीत, रात्रभर. ब्रेकर इथे काही करत नाही कारण करंट तर बरोबर ३२ च आहे. चार्जिंगच्या ठिकाणी जळाजळ होते ती बरीचशी अशी होते. कंपनीने स्क्रू किती टॉर्कला, म्हणजे किती जोर लावून, आवळायचा ते लिहिलेलं असतं, वायरमनकडे टॉर्क स्क्रूड्रायव्हर आहे का विचारा, नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला बोलवा.

प्रश्न: एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही लागतात का? कुठल्या?

दोन्ही लागतात, दोघांची कामं वेगळी आहेत. एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा ब्रेकर, ती वायरीला वाचवते; आरसीसीबी करंट बाहेर लीक झाला की पडते, ती माणसाला वाचवते.

एमसीबी: ३२ अँपिअरच्या चार्जरला ४० ची, सी कर्व्हवाली (क्षणभराच्या झटक्याने उगीच न पडणारी). ३२ ला ३२ ची लावली तर ती तासन् तास आपल्या मर्यादेवरच राबते, गरम होते आणि उन्हाळ्यात उगीचच ट्रिप होते. मात्र ४० ची लावली तर वायरही ४० सोसणारी पाहिजे. अमेरिकेत तर नियमच आहे की तीन तास किंवा जास्त चालणाऱ्या लोडला ब्रेकर सव्वापट घ्यायचा, म्हणजे ३२ ला ४०, ४० ला ५०, ४८ ला ६०.

आरसीसीबी: ३० मिलिअँपिअरची, फक्त या चार्जरसाठी वेगळी. आणि टाइप बघा, हे बहुतेक जण बघतच नाहीत. गाडीच्या आत एसीचं डीसी होतं, काही बिघाड झाला तर थोडा डीसी करंट उलटा लीक होऊ शकतो, आणि साधी टाइप एसी आरसीसीबी डीसीने आंधळी होते, म्हणजे नंतर खरोखर शॉक बसायची वेळ आली तरी ट्रिप होईलच याची खात्री नाही. म्हणून एक तर टाइप बी लावा, नाहीतर चार्जरमध्येच ६ मिलिअँपिअर डीसी ओळखून बंद व्हायची सोय असेल तर बाहेर टाइप ए पुरते. ही सोय आहे का ते चार्जरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, विकणाऱ्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. उघड्यावर विजांच्या भागात घर असेल तर सर्ज प्रोटेक्टरही लावून टाका.

प्रश्न: चार्जर लावला की लाल लाइट लागतो आणि अर्थ फॉल्ट दाखवतो. वायरमन म्हणतो न्यूट्रललाच अर्थ लूप करून देतो, चालेल का?

अजिबात नाही. हा जुगाड सगळ्यात धोक्याचा आहे. चार्जर अर्थिंग तपासतो, ते सापडलं नाही म्हणून चार्ज करायला नकार देतो, म्हणजे तो आपलं काम बरोबर करतोय. सॉकेटमध्ये न्यूट्रलला अर्थ जोडला की चार्जर फसतो आणि लाइट हिरवा होतो, पण गाडीची बॉडी आता न्यूट्रलला जोडली गेली. मागे कुठे न्यूट्रल तुटला तर त्याच रस्त्याने गाडीच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येऊ शकतात, आणि ओल्या जमिनीवर उभं राहून दाराला हात लावणारं कोण असेल ते आपल्याला माहीत नसतं. लहान मूलही असू शकतं.

उपाय एकच, अर्थिंग नीट करून घ्या आणि अर्थ टेस्टरने मोजून घ्या, आकडा कागदावर लिहून मागा. टेस्टरचा बल्ब पेटला म्हणजे अर्थिंग चांगलं असं होत नाही. आणि अर्थिंग आहे म्हणून आरसीसीबी नको असंही नाही: समजा अर्थिंगचा रेझिस्टन्स १०० ओहम आहे, बॉडीला फेज लागला तर जमिनीत जेमतेम २.३ अँपिअर जातील, ४० च्या एमसीबीला पत्ताही लागणार नाही, पण ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी क्षणात पडेल.

प्रश्न: पावसात चार्ज करता येतं का?

येतं. वर सांगितलं तसं, प्लग पूर्ण बसून बोलणं झाल्याशिवाय पिनांमध्ये करंटच येत नाही. उघड्यावर लावायचा असेल तर डब्याचं आयपी रेटिंग (धूळ-पाणी किती अडवतो त्याचा आकडा) ५४ किंवा त्याच्या वरचं घ्या, सरळ पाण्याचे फवारे येणार असतील तर आयपी ६५. केबल आत येते ते भोक डब्याच्या खालच्या बाजूला ठेवा आणि ग्लँड (केबलभोवती आवळून बसणारं बूच) लावून घट्ट करा, पाणी बहुतेक वेळा तिथूनच आत शिरतं. गाडीबरोबरची पोर्टेबल केबल वापरत असाल तर तिचा प्लग आणि डबा आडोशाला पाहिजे, जमिनीवर डबक्यात पडलेला नको.

प्रश्न: डबा नेमका कुठे लावायचा?

गाडीचं चार्जिंग झाकण कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक गाडीत वेगळं असतं. केबल साधारण ५ ते ७.५ मीटरची मिळते, लांबची घ्या. दुपारचं कडक ऊन डब्यावर पडणार नाही अशी भिंत निवडा, कारण तापला की बरेच चार्जर स्वतःच करंट कमी करतात. केबल अडकवायला हुक हवा, जमिनीवर पडलेल्या केबलवरून कधीतरी चाक जातंच.

प्रश्न: फ्लॅटमध्ये राहतो, पार्किंग खाली आहे आणि मीटर लांब. काय करू?

इथे वायरिंगपेक्षा परवानगीलाच जास्त वेळ लागतो. कमिटीकडे जाताना तोंडी विचारू नका, एक कागद घेऊन जा: वायर कुठल्या मार्गाने जाणार, कुठल्या मीटरवरून वीज घेणार, कुठले ब्रेकर लागणार, काम कोण करणार. लोकांना भीती दोनच गोष्टींची असते, आग आणि कॉमन बिल, आणि त्या दोन्हींची उत्तरं कागदावर असली की विरोध बराच मावळतो.

वीज शक्यतो तुमच्या स्वतःच्या मीटरवरूनच घ्या. आणि बिल्डिंगमध्ये अजून चार-पाच जण ईव्ही घेणार असतील तर प्रत्येकाने आपापली वायर ओढण्यापेक्षा पार्किंगमध्ये एक वेगळा बोर्ड घेऊन सगळ्यांचे चार्जर त्याच्यावर लावणं आणि लोड आपापसात वाटला जाईल असं करणं कितीतरी शहाणपणाचं. पहिल्या माणसाने एकट्याचं उरकून घेतलं की पाचव्याला लोडच शिल्लक राहत नाही.

प्रश्न: सोलरवर गाडी चार्ज होईल का?

होईल, पण एक मर्यादा लक्षात ठेवा. एसी चार्जिंगच्या स्टँडर्डनुसार ६ अँपिअरच्या खाली चार्जिंग होत नाही, म्हणजे सिंगल फेजवर निदान १.४ किलोवॅट जास्तीचे असायला पाहिजेत. ढग आला, उत्पादन त्याच्या खाली गेलं की एक तर चार्जिंग थांबतं नाहीतर बाकीची वीज ग्रिडमधून घेतली जाते. थ्री फेजवर तर हीच किमान मर्यादा ४.१ किलोवॅटवर जाते, त्यामुळे छोट्या सोलरला सिंगल फेज चार्जरच बरा. आणि गाडी दिवसा घरी असते का हा प्रश्न स्वतःला विचारा.

प्रश्न: काम झालं, आता मी स्वतः काय तपासू?

पूर्ण करंटवर एक तासभर चार्ज करा. मग ब्रेकरच्या बाहेरच्या बाजूला, प्लगला आणि केबलला हात लावून बघा, बोर्ड उघडायचा नाही. कोमट लागलं तर ठीक, हात ठेववत नसेल तर चार्जिंग बंद करून वायरमनला परत बोलवा. वायरमन समोर असतानाच त्याला चार्जिंग चालू ठेवून मेन बोर्डवर आणि चार्जरवर दोन्हीकडे व्होल्टेज मोजायला सांगा, दोन्हीतला फरक तुमच्या वायरीच्या हिशोबापेक्षा बराच जास्त निघाला तर मध्ये कुठेतरी जॉइंट सैल आहे.

प्रश्न: चार्जिंग मध्येच बंद पडतं, काय बघायचं?

आधी गाडीतलं शेड्यूल आणि टक्क्यांची मर्यादा बघा, बऱ्याचदा तेच असतं. मग व्होल्टेज, रात्री खूप वर-खाली होत असेल तर चार्जर स्वतःला बंद करतो. एमसीबी पडत असेल तर ओव्हरलोड किंवा उष्णता, आरसीसीबी पडत असेल तर लीकेज. आरसीसीबी परत परत वर करून चार्जिंग रेटू नका. चार्जिंग सुरूच होत नसेल तर गाडीची छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरली आहे का बघा, ती मेली की बऱ्याच गाड्यांना चार्जरशी बोलताच येत नाही.

प्रश्न: रोज १०० टक्के करावं का?

गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच करा. साधारणपणे एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरी रोज ८० टक्क्यांपर्यंत आणि लांब जायच्या आधी १००, तर एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीला अधूनमधून पूर्ण भरायला सांगतात, म्हणजे टक्क्यांचा अंदाज बरोबर राहतो.

प्रश्न: गाडीतून घराला वीज देता येते का?

काही गाड्यांना आणि त्यासाठीच बनवलेल्या उपकरणांनीच. जपानमध्ये निसान लीफवर घर चालवायची सोय २०१२ मध्ये आली, आणि २०२२ च्या आयएसओ १५११८-२० या स्टँडर्डमध्ये दोन्ही दिशांनी वीज नेणं बसवलंय. पण साध्या एसी चार्जरमधून हे होत नाही. लाइट गेल्यावर गाडीच्या सॉकेटमधून वायर काढून घराच्या बोर्डात उलटी घुसवणं तर कधीच करू नका, ती वीज बाहेर लाइनवर जाते आणि खांबावर काम करणाऱ्या माणसाचा जीव जातो. त्यासाठी घर ग्रिडपासून तोडणारा चेंजओव्हर लागतो.

प्रश्न: मेंटेनन्स काय लागतो?

फार नाही. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटन दर दोन-तीन महिन्यांनी दाबा, लगेच पडली पाहिजे, नाही पडली तर ती बदला आणि तोपर्यंत गाडी लावू नका. प्लगच्या पिना कोरड्या फडक्याने पुसा, तेल किंवा स्प्रे मारू नका. पहिल्या काही महिन्यांनंतर एकदा आणि मग वर्षातून एकदा मेन बंद करून सगळे स्क्रू वायरमनकडून परत आवळून घ्या, कारण रोज तापून आणि निवून ते ढिले होतात.